खाटेपासून उंबरठ्यापर्यंत : समाजकार्य विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य आणि आपले रुग्णालय

रुग्णालयात येणाऱ्या हितचिंतकांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आठवड्यातील ठरावीक दोन दिवशी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि हातात वही घेतलेले काही तरुण-तरुणी कक्षातील खाटांजवळ बसून रुग्णांशी, त्यांच्यासोबत आलेल्या माणसांशी बोलत असतात. ते डॉक्टर नसतात, परिचारिका नसतात आणि कार्यालयीन कर्मचारीही नसतात. "ही मुले नेमके काय करतात? त्यांच्यामुळे रुग्णांना त्रास तर होत नाही ना? आणि आपल्या न्यासाने हा व्याप का सांभाळावा?" असे प्रश्न साहजिकच विचारले जातात. नांदेड-लातूर परिसरातील समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी रुग्णालयात जे प्रशिक्षण घेतात त्याला 'क्षेत्रकार्य' असे म्हणतात. वरील प्रश्नांची उत्तरे देणे आणि या कामाच्या मर्यादाही मोकळेपणाने मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

क्षेत्रकार्य म्हणजे काय?

वैद्यकीय विद्यार्थी केवळ ग्रंथ वाचून डॉक्टर होत नाही. त्याला रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून शिकावे लागते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याचेही तसेच आहे. दारिद्र्य, व्यसन, कर्जबाजारीपणा, कौटुंबिक कलह यांच्या व्याख्या वर्गात शिकवता येतात. परंतु घाबरलेल्या माणसाशी पहिले वाक्य कोणते बोलावे आणि कोठे गप्प बसावे, हे प्रत्यक्ष माणसांतच शिकावे लागते. म्हणूनच समाजकार्याच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्याला वर्गातील अध्यापनाइतकेच महत्त्व दिले जाते आणि त्याचे स्वतंत्र गुणांकन होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली समाजकार्य शिक्षणासाठी तयार केलेल्या आदर्श अभ्यासक्रमातही क्षेत्रकार्याला मध्यवर्ती स्थान दिलेले आहे.

याची पद्धत सर्वसाधारणपणे अशी असते. वर्षाच्या आरंभी विद्यार्थ्यांना रुग्णालये, बालगृहे, न्यायालयातील समुपदेशन केंद्रे, ग्रामपंचायती, स्वयंसेवी संस्था अशा विविध ठिकाणी अभ्यासभेटीसाठी नेले जाते. त्यानंतर प्रत्येकाला एक संस्था किंवा एक वस्ती नेमून दिली जाते आणि आठवड्यातून दोन दिवस त्याने तेथे काम करावयाचे असते. वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर होते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटी काही आठवडे सलग एखाद्या संस्थेत राहून काम करण्याचीही योजना असते. प्रत्येक दिवसाच्या कामाचा लेखी अहवाल विद्यार्थी तयार करतो. दर आठवड्याला महाविद्यालयातील पर्यवेक्षक प्राध्यापक त्याच्याशी स्वतंत्रपणे बसून त्या अहवालावर चर्चा करतात आणि संस्थेतील एक जबाबदार व्यक्ती त्याच्या रोजच्या कामावर लक्ष ठेवते.

या काळात विद्यार्थ्याने प्रामुख्याने तीन प्रकारची कौशल्ये आत्मसात करावीत अशी अपेक्षा असते. एका व्यक्तीला किंवा कुटुंबाला तिच्या अडचणीतून मार्ग काढण्यास साहाय्य करणे, हे व्यक्ती साहाय्य कार्य. समान अडचणी असलेल्या माणसांना एकत्र आणून एकमेकांचा आधार मिळवून देणे, हे गटकार्य. मधुमेही रुग्णांची बैठक हे त्याचे साधे उदाहरण होय. आणि संपूर्ण वस्तीला किंवा गावाला आपला प्रश्न ओळखून तो सोडविण्यासाठी संघटित होण्यास मदत करणे, हे समुदाय संघटन. रुग्णालयात या तिन्हींना वाव असला तरी भर मुख्यतः पहिल्या दोहोंवर असतो.

या परंपरेचा थोडा इतिहास

रुग्णालयातील समाजकार्याचा उगम मोठा बोधप्रद आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १८९५ साली मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांपैकी मोफत उपचारास खरोखर कोण पात्र आहे याची चौकशी करणे, हे त्यांचे प्रारंभीचे काम होते. थोडक्यात, गैरफायदा घेणारे शोधून काढण्यासाठी हे पद निर्माण झाले होते. परंतु चौकशीस आरंभ झाल्यावर वेगळीच बाजू समोर आली. फसविणाऱ्यांपेक्षा, सांगितलेले पथ्य आणि विश्रांती ज्यांना परवडतच नाही अशा रुग्णांचा प्रश्न मोठा होता.

पुढे १९०५ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी रुग्णालयात समाजकार्यकर्तीची योजना केली. रोगाचे निदान अचूक झाले आणि औषधही योग्य दिले, तरी रुग्णाचे घर, त्याचा रोजगार आणि त्याचे दैन्य ठाऊक नसेल तर उपचार निष्फळ ठरतो, असे त्यांच्या अनुभवास आले होते. त्या रुग्णालयात आयडा कॅनन यांनी पुढे हे काम दीर्घकाळ वाढविले.

आपल्या देशात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा प्रारंभ १९३६ साली मुंबईत झाला. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झालेली ती संस्था आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाडा येथील श्रमिक वस्तीत नेबरहूड हाऊस हे केंद्र चालवीत असत आणि संस्थेचे पहिले वर्ग तेथेच भरले. शिकण्याची खोली आणि लोकांची वस्ती एकमेकांस लागून असावीत, हा विचार असा आरंभापासूनच रुजला. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने आरोग्यसेवेचा विचार सामाजिक परिस्थितीसह करण्याचा आग्रह धरला. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था यांनी ही परंपरा पुढे नेली.

मराठवाड्याला हे शिक्षण जवळ येण्यास काही काळ जावा लागला. टाटा संस्थेने १९८६ साली तुळजापूर येथे ग्रामीण केंद्र सुरू केले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि आजचा हिंगोली जिल्हा या परिक्षेत्रातील युवकांना उच्च शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादपर्यंत, जाण्याची गरज त्यामुळे कमी झाली. आज येथे क्षेत्रकार्यासाठी येणारी मुले बहुधा याच मातीतील असतात. त्यांपैकी कित्येकांच्या घरी शेती आहे आणि कित्येकांचे आईवडील रोजमजुरी करतात. रुग्णाची भाषा त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. मात्र ओळखीच्या दुःखाकडे नव्याने कसे पाहावे, हे त्यांना शिकावे लागते.

किल्लारीने शिकविलेला धडा

आपल्या भागात समाजकार्याची निकड सर्वांना एकाच पहाटे उमगली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांना भूकंपाचा तडाखा बसला. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे यांखाली सुमारे ८,००० माणसे दगावली. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली; पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. लातूर, सोलापूर येथील रुग्णालये जखमींनी भरून गेली. १९६६ पासून लातुरात सेवा करणाऱ्या विवेकानंद रुग्णालयासारख्या संस्थांसाठीही तो कसोटीचा काळ होता.

हाडे जुळली, जखमा भरल्या. परंतु त्यानंतर खरे प्रश्न उभे राहिले. घरातील सर्वजण गमावलेल्या मुलाला नातेवाईक नेतात ते मायेने की त्याच्या नावावर येणाऱ्या रकमेसाठी? पती गेलेल्या तरुण स्त्रीच्या नावे घर होणार की दिराच्या? पाय गमावलेला शेतकरी घरी परतल्यावर काय करील? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियागृहात नव्हते. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात लोकसहभागासाठी टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांना सामावून घेण्यात आले. घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. आपल्या घराची भिंत कशी बळकट करावी, शासनाची मदत कोणत्या टप्प्याने मिळते, हे गावातील बाईच गावाला समजावून सांगू लागली. साहाय्य देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये विश्वासाचा दुवा लागतो आणि तो दुवा तयार करणे हे शिकून येणारे कौशल्य आहे, हा किल्लारीचा धडा आहे.

उपचार अर्धवट का सुटतो?

भूकंप रोज होत नाही. परंतु आपल्या कक्षांत त्याच जातीचे प्रश्न दररोज दाखल होतात. क्षेत्रकार्य प्रत्यक्षात कसे चालते हे कळावे म्हणून येथे एक उदाहरण मांडतो. ते कोणा एका रुग्णाचे नाही. या भागात पुनःपुन्हा आढळणाऱ्या परिस्थितीवरून ते रचलेले आहे.

दसऱ्याच्या सुमारास चाळिशीतील एका पुरुषाला क्षयरोगाचे निदान होते. औषधोपचार किमान सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे, रोज न चुकता. रुग्णाची प्रकृती सुधारू लागते आणि तीन आठवड्यांनी तो अचानक, "आता बरं वाटतंय, जातो," असे म्हणू लागतो. समाजकार्याच्या प्रथम वर्षातील विद्यार्थिनी त्याच्याशी दहा मिनिटे बोलते आणि अहवालात लिहिते : 'रुग्ण अशिक्षित असून त्यास औषधाचे महत्त्व पटत नाही. समुपदेशन केले.'

पर्यवेक्षक तो अहवाल वाचतात आणि एवढेच विचारतात, "त्यांना महत्त्व पटत नाही, हे त्यांनी तुम्हांला सांगितले, की तुम्ही ठरविले?"

विद्यार्थिनी दुसऱ्या खेपेस जाते. या वेळी ती औषधाचा विषय काढत नाही. "मामा, घरी कोण कोण असतं?" असे विचारून ऐकत राहते. अर्ध्या तासाने तो मनुष्य सांगतो, "ताई, उचल घेतलीय. आमचा कोयता गेला न्हाई तर मुकादम दारात येऊन बसतो. औषध सोडायची हौस न्हाई मला."

मराठवाड्यातील वाचकांस याचा उलगडा करण्याची गरज नाही. परंतु दूरच्या देणगीदारांसाठी सांगावयास हवे. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेस 'उचल' म्हणतात आणि ती कामातून फेडावी लागते. गाळपाचा हंगाम सर्वसाधारणपणे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे या रुग्णाच्या उपचाराचा जवळजवळ संपूर्ण काळ पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या फडाजवळच्या कोपीत जाणार असतो. त्यास औषधाचे महत्त्व पूर्णपणे ठाऊक आहे. त्याची अडचण वेगळीच आहे.

अडचण नीट कळली की मार्गही दिसू लागतो. क्षयरोगाची औषधे शासनाच्या कार्यक्रमातून देशभर मोफत मिळतात. रुग्णाची नोंद 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत असते आणि ती दुसऱ्या ठिकाणच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येते. विद्यार्थिनी कारखान्याचे व तालुक्याचे नाव विचारून घेते. तेथील जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, हे जिल्हा क्षयरोग केंद्रामार्फत शोधते. रुग्णाचा नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरांत एका जाड कागदावर लिहून त्याच्या पत्नीजवळ देते. क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारे साहाय्य एप्रिल २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे. ही रक्कम ज्या बँक खात्यात जमा होते ते खाते चालू आहे की बंद पडले आहे, हेही ती तपासून घेते. फडावर जाणाऱ्या कुटुंबातील मुलांची तपासणी झाली आहे काय, असा प्रश्न ती डॉक्टरांपुढे मांडते. डॉक्टर प्रकृती पाहून किती दिवसांनी काम करता येईल ते सांगतात आणि तसे लेखी पत्र दिल्यास मुकादमाशी बोलणे रुग्णाला थोडे सुकर होते.

यात चमत्कार काही नाही. कर्ज तसेच राहते, ऊसतोडही चुकत नाही. परंतु उपचार सुटण्याची शक्यता कमी होते. क्षयरोगाच्या बाबतीत याचा अर्थ मोठा आहे. कारण औषध अर्धवट सुटले तर रोग औषधांना दाद न देणारे रूप घेऊ शकतो आणि त्याची बाधा त्या कोपीतील इतरांनाही होऊ शकते.

योजना आणि त्यांची वाट

नातेवाइकांना सर्वाधिक चिंता खर्चाची असते. या बाबतीत धर्मादाय रुग्णालयांवर कायद्यानेच काही कर्तव्ये सोपविलेली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने लागू झालेली योजना यांनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णास दाखल करून घेऊन प्राथमिक उपचार देणेही बंधनकारक आहे. पात्रतेसाठी उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी ठरविते आणि ती तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका यांवरून पडताळली जाते.

दुसरा आधार शासकीय विमा योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत नांदेड जिल्हा होता, लातूर नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू होईपर्यंत, शेजारच्या दोन गावांपैकी एका गावाला लाभ आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती जिल्ह्यांच्या सीमेवर होती. २०१७ साली या योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले, सप्टेंबर २०१८ पासून तिला केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेची जोड मिळाली आणि जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवून वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेण्यात आले. योजनेत समाविष्ट रुग्णालयांत मार्गदर्शनासाठी 'आरोग्यमित्र' बसलेला असतो.

इतके असूनही लाभ न घेता परतणारी कुटुंबे असतातच. शिधापत्रिकेवर नाव एक आणि आधारपत्रावर दुसरे. सुनेचे नाव अजून माहेरच्याच पत्रिकेवर. दाखला आणावयास गावी जावे तर रुग्णाजवळ कोण बसणार? किनवट-माहूरच्या डोंगराळ पाड्यांवरून आलेल्या आदिवासी कुटुंबाला किंवा देगलूर-उदगीरच्या सीमाभागातून आलेल्या, घरी तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या माणसाला अर्जातील मराठी कठीण वाटते. अशा वेळी विद्यार्थी कागदांची यादी समजावून सांगतात, गावातील आशा कार्यकर्ती किंवा तलाठी यांच्याशी संपर्क साधून देतात आणि नातेवाइकाला योग्य खिडकीपर्यंत पोहोचवितात. अर्ज मात्र शक्यतो त्या कुटुंबाकडूनच भरवून घ्यावा, असा आमचा आग्रह असतो. आज विद्यार्थ्याने अर्ज भरून दिला, तर पुढच्या आजारपणात ते कुटुंब पुन्हा दुसऱ्या कोणाची वाट पाहत बसेल.

विद्यार्थ्यांनी काय करू नये

क्षेत्रकार्याचे गुण सांगताना त्यातील धोकेही सांगणे आवश्यक आहे. रुग्ण हा शिकण्याचे साधन नव्हे. म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावे लागतात. विद्यार्थी रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्याशी संवाद सुरू करीत नाही आणि रुग्णाने नको म्हटल्यास कारण न विचारता उठतो. अहवालात रुग्णाचे खरे नाव लिहिले जात नाही. छायाचित्र घेतले जात नाही. औषध, शस्त्रक्रिया किंवा आजाराचे भवितव्य यांविषयी विद्यार्थी काहीही बोलत नाही. तो प्रश्न डॉक्टरांकडे नेतो. आपल्या खिशातून रुग्णास पैसे देण्यासही मनाई आहे. हा नियम ऐकावयास कठोर वाटतो. परंतु एका खाटेला शंभर रुपये मिळाले की शेजारच्या नऊ खाटांवरील माणसे विद्यार्थ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात आणि विश्वासाचे नाते तेथेच संपते.

सर्वांत नाजूक प्रसंग विषप्राशनाच्या रुग्णांचा असतो. नापिकी, कर्ज, घरातील भांडण यांतून कीटकनाशक प्यालेली व्यक्ती शुद्धीवर येते तेव्हा तिच्याभोवती नातेवाईक, पोलिसांची नोंद आणि गावाची कुजबुज असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. हे कुटुंबाला सांगितले तरी त्याच्या मनावरील मोठा भार हलका होतो. परंतु अशा रुग्णाकडे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास एकटे पाठविणे हा रुग्णावर आणि विद्यार्थ्यावरही अन्याय होय. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ता किंवा मानसोपचारतज्ज्ञ प्रथम जातात. विद्यार्थी सोबत बसून ऐकतो आणि नंतर स्वतःच्या मनावर झालेल्या परिणामाविषयी पर्यवेक्षकांशी बोलतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने दिवसभर मृत्यूच्या गोष्टी ऐकून घरी जाऊन गप्प बसावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आणखी एक दोष वारंवार दिसून येतो. आरंभीच्या उत्साहात विद्यार्थी, "काळजी करू नका, मी करतो," असे वचन देऊन बसतो. परीक्षा येतात, क्षेत्रकार्य संपते आणि रुग्ण पुढील तपासणीस येऊन त्या ताईला किंवा दादाला शोधत राहतो. माणसाला एकदा आशा लावून अर्ध्यावर सोडणे, हे कधीच न भेटण्याहून वाईट. म्हणून सत्र संपण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याकडील रुग्णांची नोंद रुग्णालयाच्या समाजकार्यकर्त्याकडे सोपविणे आणि त्या रुग्णांचा रीतसर निरोप घेणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

न्यासाने द्यावयाची गोष्ट

क्षेत्रकार्य केवळ कागदोपत्रीही उरकता येते, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उपस्थितीपत्रकावर स्वाक्षरी मिळते, अहवाल एकमेकांचे पाहून लिहिले जातात आणि विद्यार्थ्यांना नोंदणीच्या खिडकीवर रांग लावण्याच्या कामास बसविले जाते. संस्थेला फुकटचे मनुष्यबळ मिळाल्याचे समाधान वाटते आणि विद्यार्थ्याला गुण मिळतात. रुग्णाच्या पदरात मात्र काही पडत नाही. पुढे हाच विद्यार्थी पदवी घेऊन एखाद्या बालगृहात, कारागृहात किंवा पुनर्वसन केंद्रात अधिकारी म्हणून जातो आणि न ऐकण्याची सवय बरोबर घेऊन जातो.

हे टाळण्याचा उपाय एकच : पर्यवेक्षण. वरील उदाहरणात त्या विद्यार्थिनीला दुसऱ्यांदा पाठविणारे वाक्य उच्चारण्यास अर्धे मिनिट लागले; परंतु ते उच्चारण्यासाठी कोणीतरी तिचा अहवाल शांतपणे वाचलेला असावा लागतो. एक अनुभवी वैद्यकीय समाजकार्यकर्ता, आठवड्यातील काही निश्चित तास, बोलण्यासाठी एक बंद दाराची लहान खोली आणि नोंदी ठेवण्यासाठी कुलपाचे कपाट इतकी ही गरज आहे. नव्या यंत्रासाठी देणगी देणे मनास लवकर पटते, कारण यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. ऐकण्याच्या वेळेवर पाटी लावता येत नाही. तरीही महागड्या यंत्राने केलेले निदान ज्या कारणाने वाया जाते, ते कारण बहुधा त्या खोलीतील संभाषणातच उलगडते. विश्वस्त आणि देणगीदार यांनी आपल्या साहाय्याचा विचार करताना या बाजूकडेही पाहावे, अशी नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांनाही दोन शब्द. आपल्या खाटेजवळ येणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलणे ऐच्छिक आहे. न बोलल्याने उपचारात किंवा सवलतीत कोणताही फरक पडता कामा नये. बोलावेसे वाटल्यास मात्र खरी अडचण सांगावी : गाडीभाड्याची, घरी ठेवून आलेल्या जनावरांची, मुलीच्या परीक्षेची, दारूची, उचलीची. डॉक्टरांसमोर जे सांगावयास संकोच वाटतो, तेच अनेकदा उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. आणि विद्यार्थ्याचे काही चुकले, तर तेही समाजकार्यकर्त्यांना अवश्य कळवावे. त्यातूनच तो शिकेल.

रुग्ण बरा होऊन दारातून बाहेर पडला की रुग्णालयाच्या दृष्टीने त्याची नोंद पूर्ण होते. त्याच्या घराच्या उंबरठ्यापर्यंतचा रस्ता मात्र पुढेच असतो. त्या रस्त्यावर त्याला एकटे वाटू नये यासाठी काही तरुण मुले आपल्याकडे शिकण्यास येतात. त्यांना नीट शिकविण्याची जबाबदारी आपण सर्वांनी मिळून पार पाडू या.